पहिले रहिवासी

गोडा मसाला घरी करणारी बाई यादी करायला बसली, की धने, तीळ, खोबरे, लवंग, दालचिनी अशी मानाची मंडळी आधी येतात. आणि कागदाची घडी घालता घालता तिला आठवण होते ती दगडफुलाची. वाण्याकडच्या साऱ्या जिनसांत ते हलके. पन्नास ग्रॅम घेतले तरी पिशवी भरून जाते. दिसायला म्हणाल तर जळक्या कागदाचे कपटे! नव्या सुना पुष्कळदा ते कचरा समजून निवडून टाकतात, आणि मग सासूबाईंच्या आमटीची चव आपल्या आमटीला का येत नाही, म्हणून हळहळत बसतात.

मी चौतीस वर्षे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकविले. जून महिन्यात नवा वर्ग समोर येऊन बसला, की पहिल्या तासाला मी मसाल्याच्या डब्यातले दगडफूल पुडीत बांधून नेत असे. "हे कोणत्या झाडाचे फूल?" असे विचारले की वर्ग चिडीचूप होई. मग मी सांगे, हे फूलही नव्हे आणि झाडही नव्हे. हे दोघांचे बिऱ्हाड आहे. एक बुरशी आणि एक शैवाल. बुरशी घर बांधते आणि ओल धरून ठेवते. शैवाल उन्हावर दोघांचा स्वयंपाक करते. श्वेंडेनर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने 1869 साली हे मांडले, तेव्हा दगडफुलांच्या अभ्यासात केस पांढरे केलेल्या पंडितांनी त्याची थट्टा केली. दोन परके जीव एका छपराखाली इतक्या गुण्यागोविंदाने नांदतात, यावर त्यांचा विश्वासच बसेना!

मसाल्यात पडणारे दगडफूल बहुधा झाडाच्या सालीवरून खरवडलेले असते. पण त्याचे भाऊबंद उघड्या कातळावर जाऊन बसतात. सह्याद्रीच्या कड्यांवर, किल्ल्यांच्या तटांवर राखी, पिवळसर, शेंदरी डाग दिसतात ना, ते हेच. तिथे माती नाही, आडोसा नाही. वैशाखात त्या दगडाला हात लावण्याची सोय नाही. वर्षाकाठी यांची वाढ ती किती? पुष्कळांची मिलिमीटरभरसुद्धा नाही. पण बसल्या जागी ती आम्ल पाझरतात, दगड कणाकणाने झिजवतात, वाऱ्याबरोबर आलेली धूळ अडवतात, आणि मरतात ती त्याच धुळीत मिसळतात. चिमूटभर माती होते. त्या चिमटीत शेवाळ धरते. शेवाळावर गवत येते, गवतामागून झुडूप, झुडपामागून झाड. आणि झाडाची सावली दाट झाली, की कातळावरचा पहिला रहिवासी दिसेनासा होतो. पुस्तकात याला 'अनुक्रमण' असा भारदस्त शब्द आहे. मी मुलींना सांगे, याचे घरगुती नाव 'एकामागून एक'.

या अनुक्रमणाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या सामुद्रधुनीतली आहे. 27 ऑगस्ट 1883 रोजी तिथले क्राकाटोआ बेट ज्वालामुखीने फुटले. बेटाचा सुमारे दोनतृतीयांश भाग नाहीसा झाला. उसळलेल्या समुद्राने आसपासच्या किनाऱ्यांवरची 36,000हून अधिक माणसे ओढून नेली. जो डोंगर उरला तो गरम राखेखाली गाडला गेला. त्याच्यावर जिवंत काही राहिले असेल असे कुणाला वाटेना. एवढ्या अनर्थातून शास्त्रज्ञांच्या हाती एक कोरी पाटी मात्र आली. आता हिच्यावर पहिले अक्षर कोण गिरवतो?

1884च्या मे महिन्यात एक फ्रेंच तुकडी तिथे उतरली. पुष्कळ शोधल्यावर तिच्यातल्या कोतो यांना सापडला एक कोळी. एकच, अगदी बारीक. आणि तो जाळे विणीत होता! खायला माशी नाही, चिलट नाही, पण गडी कामाला लागलेला. कोळ्यांची पिल्ले आपल्याच धाग्यावर तरंगत वाऱ्याने दूरवर जातात; तसाच हाही आला असणार. 1886 साली डच वनस्पतिशास्त्रज्ञ ट्र्यूब गेले, तेव्हा राखेवर निळसर-हिरव्या शैवालाचा बुळबुळीत पापुद्रा धरला होता आणि त्यावर नेचे माजले होते. आणखी दहाएक वर्षांत डोंगरावर उंच गवत डोलू लागले. मग झुडपे आली, झाडे आली. 1930च्या सुमारास त्या राखेच्या ढिगावर जंगलाचे छत धरले.

किनाऱ्यावर जे आधी येऊन पोचले त्यांची नावे मी प्रथम वाचली, तेव्हा मला माहेरची माणसे भेटल्यासारखे झाले. मर्यादवेल, उंडी, देशी बदाम, सुरू! माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. परकराच्या ओच्यात मर्यादवेलीची जांभळी फुले भरून आम्ही घरी आणीत असू आणि आजी ती देवाला चालत नाहीत म्हणून परत टाकायला लावी. वाळूवर पसरून समुद्राला 'इथवरच' म्हणून सांगणारी ती वेल. तिच्या बिया खाऱ्या पाण्यावर तरंगत, कुणाला न विचारता, कुठल्या कुठे जाऊन रुजतात.

सुरूची कथा निराळी. त्याच्या मुळांवरच्या गाठींत काही सूक्ष्म जीव राहतात. ते हवेतला नायट्रोजन धरून जमिनीला देतात. नुसत्या वाळूवर, राखेवर सुरू उभा राहतो आणि वर्षानुवर्षे ती जमीन कसदार करतो. पण त्याच्या रोपांना भरपूर ऊन लागते. खाली सावली दाटली की ती जगत नाहीत. ज्या जमिनीत त्याने कस आणला तिथे त्याचीच मुले उभी राहू शकत नाहीत, दुसऱ्यांची वाढतात.

हे वाक्य मी वर्गात चौतीस वेळा तरी उच्चारले असेन. त्याचा खरा अर्थ आता पंचाहत्तरीत, घरात बसून कळतो आहे.

1979 साली आम्ही सोळा बिऱ्हाडांनी पुण्याच्या पश्चिमेला एका मुरमाड माळावर आमची सोसायटी उभी केली. रिक्षावाले तिकडे यायला कां-कूं करीत. रात्री कोल्हे ओरडत. पाणी टँकरने यावयाचे, आणि टँकर आला की प्राध्यापक, कारकून, डॉक्टर सगळे बादल्या घेऊन रांगेत! पुढे टाकी झाली, तेव्हा पहाटे पाचला उठून तिचा व्हॉल्व्ह उघडण्याचे काम ह्यांनी अंगावर घेतले. आम्ही पहारीने मुरूम फोडून खड्डे केले, लांबून माती आणून झाडे लावली. पहिल्या उन्हाळ्यात निम्मी वाळली, पुन्हा लावली. गणपती बसू लागला, कोजागिरीचे दूध आटू लागले, एका कपाटाचे वाचनालय झाले. मुले वाढली, शिकली.

आणि गेली. आमचा मुलगा टोरांटोला आहे, मुलगी बंगळूरला. सोळांपैकी सात घरांना आज कुलपे आहेत. आमच्या समोरचे दार माझ्या मैत्रिणीचे. ती तीन वर्षांपूर्वी गेली. तिच्या मुलाचा परदेशातून फोन आला, "काकू, घर बंद राहून खराब होतंय. कुणी चांगले भाडेकरू बघा. तुम्ही म्हणाल ते." मी चौकशी केली, तेव्हा दोन मुली आल्या. जवळच्या इस्पितळात परिचारिका. एक परभणीची, एक गडचिरोलीची. शेंडेफळ वाटाव्यात अशा. मी मनातून होकार देऊन टाकला.

त्याच महिन्यात सोसायटीच्या सभेपुढे ठराव आला : अविवाहित व्यक्तींना जागा भाड्याने देऊ नये. मसुदा मोठ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेला होता. अक्षर मी लगेच ओळखले. पन्नास वर्षांपूर्वी त्याच अक्षरात मला पत्रे आली होती.

"अहो, त्या पोरी काय सोसायटी खाणार आहेत?" मी विचारले.

"आज दोन येतील, उद्या बारा येतील," हे म्हणाले. "जाणार-येणार, त्यांना या जागेचं काय! आपण हे सगळं उभं केलं ते कशासाठी?"

मी त्यांना क्राकाटोआची गोष्ट सांगितली. कोळ्यापासून सुरूपर्यंत, काही वगळले नाही. ह्यांनी ती शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "म्हणजे आम्ही शेवाळ!"

"शेवाळ नव्हे हो, दगडफूल."

त्या रात्री त्यांनी आमटी दुसऱ्यांदा मागितली नाही.

पण 'आज दोन, उद्या बारा' ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. वाढ या गोष्टीचे भय वाटावे असेच तिचे गणित आहे. आपल्या सगळ्यांच्या ओट्यावर ते रोज रात्री मांडले जाते. कोमट दुधात आपण चमचाभर विरजण घालतो. त्यातला एकेक जीवाणू दुभंगतो, एकाचे दोन होतात, दोनाचे चार. कितीतरी वेळ पातेल्यात काही घडलेसे दिसतच नाही. दूध आपले दूधच. आणि मग झाकण काढावे तो दही! दुपटीचा हिशेब हा असा फसवा. वीस वेळा दुप्पट झाली की एकाचे 10,48,576 होतात, आणि त्यांतले निम्मे शेवटच्या एका फेरीत जन्मलेले असतात.

मग हे थांबते कुठे? ज्या आम्लाने ते जीवाणू दूध घट्ट करतात, तेच आम्ल साठत जाऊन त्यांना बाधू लागते. दुधातली सारी साखर संपलेली नसते, तरी वाढ मंदावते. व्हेरहुल्स्ट नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने 1838 साली अशा वाढीचे सूत्र मांडले. त्याची रेघ काढली तर ती खंडाळ्याच्या घाटासारखी दिसते : आधी सपाटी, मग अंगावर येणारा चढ, आणि वर गेल्यावर पुन्हा सपाटी. दही तसेच आठवडाभर बाहेर ठेवले तर आंबटपणा सोसणारे यीस्ट आणि बुरशी त्यावर चढतात, ते आम्ल खाऊन टाकतात, आणि मग नासवणाऱ्या तिसऱ्याच मंडळींची सोय होते. एकामागून एक हा नियम पातेल्यातही चुकत नाही. शहाणी गृहिणी त्याआधीच चमचाभर दही बाजूला काढते आणि नव्या दुधात घालते.

सगळेच जीव असे वेळेवर थांबतात असेही नाही. अलास्काच्या पश्चिमेला बेरिंग समुद्रात सेंट मॅथ्यू नावाचे एकाकी बेट आहे. महायुद्धाच्या काळात, 1944 साली, अमेरिकन तटरक्षक दलाने तिथल्या ठाण्यावरच्या माणसांना अडीअडचणीला मांस असावे म्हणून 29 रेनडिअर नेऊन सोडले. युद्ध संपत आले, माणसे परत गेली, रेनडिअर राहिले. बेटावर लांडगा नाही, शिकारी नाही. आणि जमिनीवर अंथरलेला गालिचा कशाचा? दगडफुलाचा! वर्षानुवर्षे हळूहळू साठत आलेली ती शिल्लक. क्लाइन नावाचे शास्त्रज्ञ 1957 साली गेले, तेव्हा त्यांना 1,350 रेनडिअर दिसले. 1963 साली 6,000. गालिचा पार उसवला होता. पाठोपाठ कडक हिवाळा आला. 1966 साली क्लाइन पुन्हा गेले, तो बेटभर हाडे विखुरलेली आणि जिवंत जनावरे 42. त्यांत नर एकच. पुढे काही वर्षांत तोही वंश संपला. हळू वाढणारे भराभर खाल्ले, की असे होते.

आमच्या पिढीने लहानपणापासून ऐकले ते हेच, की आपलाही रस्ता त्या रेनडिअरांचा आहे. 1951च्या शिरगणतीत आपण 36 कोटी होतो, 2011च्या शिरगणतीत 121 कोटी. भय खोटे नव्हते. पण या देशात एक मोठी घटना गाजावाजा न होता घडून गेली आहे. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दर बाईमागे मुलांची सरासरी 2.0 आली, महाराष्ट्रात 1.7. तरुण माणसे पुष्कळ असल्यामुळे एकूण संख्या अजून काही काळ वाढत राहील, पण घाटाचा माथा दिसू लागला आहे. आणि तो उपासमारीने आलेला नाही. तो घरोघरच्या माजघरांत, दिवा मालवल्यावर हळू आवाजात झालेल्या बोलण्यांतून आला. मुली शाळेत जाऊ लागल्या त्यातून आला. माझ्या आजीला अकरा मुले झाली, त्यांतली पाच जगली. आईला चार. मला दोन. माझ्या मुलीला एक.

ही माती पहिल्यांदा करू लागला तो माणूस आपल्याच भाषेतला होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. गणिताचे प्राध्यापक, या कामापायी नोकरी सोडावी लागली. 1927 साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. त्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 सालच्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. 1953 साली कर्वे वारले, तोवर मासिक चालूच होते. त्याच्या आदल्याच वर्षी भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला होता, आणि एखाद्या सरकारने असे करण्याची जगातली ती पहिली वेळ. सावली पडू लागली ती पाहायला कर्वे राहिले नाहीत. आमच्या घरी त्यांचे नाव कुणी मोठ्याने घेत नसे. पण आजीची अकरा आणि आईची चार, या दोन आकड्यांच्या मधला कातळ कुणीतरी झिजवला होता.

हे सारे मी ह्यांना एका दिवशी सांगितले नाही. थोडे थोडे सांगितले, भाजी निवडताना, फिरायला जाताना. गर्दीचे भय खरे आहे, हे मी कबूल केले. पण सोळांत सात कुलपे असलेल्या घराने गर्दीला का भ्यावे? आमच्या जिन्यात संध्याकाळी दिवा लावायला माणूस नाही. आणि ह्यांचे खरे दुखणे गर्दीचे नव्हतेच. आपण खणलेल्या खड्ड्यांतल्या झाडांखाली आपली नातवंडे खेळत नाहीत, हे ते दुखणे. ते मलाही आहे. सुरूला आपल्या सावलीत कुणाचे रोप वाढते आहे हे कळत नाही, म्हणून त्याला त्याचे दुःख नाही. आपल्याला कळते, म्हणून दुखते. पण कळते म्हणूनच आपण होऊन जरा सरकून दुसऱ्याला जागा देता येते. झाडाला तेवढे साधत नाही.

सभेला नऊ घरे हजर होती. ठरावावर बोलणे तासभर चालले. दुसऱ्या मजल्यावरच्या नव्वदीच्या आजी म्हणाल्या, "मला रात्री बरं वाटेनासं झालं तर शेजारी नर्स असलेली चालेल की नको?" त्यावर कुणाला काही सुचले नाही. हात वर झाले ते बाजूने तीन, विरुद्ध पाच. ठराव पडला. राहिलेले एक मत ज्यांचे, त्यांनी आपले दोन्ही हात सभेच्या वहीवर ठेवले होते. मसुदा ज्याचा तोच तटस्थ! घरी येताना जिन्यात मी काही बोलले नाही. हेही बोलले नाहीत.

मुली राहायला आल्या. परभणीच्या मुलीची ड्युटी सकाळी सहाला सुरू होते, म्हणून ती साडेचारलाच उठते. पावसाळ्यात ह्यांचा गुडघा धरला, तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, मी जाताना टाकी उघडून जात जाईन." ह्यांनी आधी ऐकले न ऐकलेसे केले. दोन दिवसांनी स्वतःच काठी टेकीत तिला टाकीपाशी घेऊन गेले. साडेतीन फेरे द्यायचे, चौथा दिला की व्हॉल्व्ह गळतो. पंधरा मिनिटांनी अर्धा फेरा मागे. तिच्याकडून त्यांनी ते तीनदा करवून घेतले, आणि वर येऊन मला म्हणाले, "हात चांगला आहे मुलीचा."

पहाटे पाचला ह्यांना अजून जाग येते. मोरीतल्या नळाला पाणी आल्याचा आवाज झाला, की मग कूस बदलतात.